तेरा फुटांची जोड आणि एक न तपासलेला आकडा: अमेरिकन कोस्ट गार्डच्या १२३ फुटी बोटींचं प्रकरण

शिप रिपेअरच्या लाईनमध्ये नवीन आलेली पोरं विचारतात, सर एवढं गेजिंग (म्हणजे पत्र्याची जाडी मोजणं) कशाला, ड्रॉइंग अप्रूव्ह व्हायला आठ आठ दिवस थांबायचं कशाला, पत्रा तर चांगला दिसतोय. तेव्हा मी त्यांना दरवेळी एकच प्रकरण सांगतो, अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या आठ बोटींचं. तोंडी सांगताना काहीतरी राहूनच जातं म्हणून यावेळी बसून सगळं सलग लिहून काढलंय, लांब झालंय पण अर्धवट सांगितलं तर त्यातला मुद्दाच हातातून निसटतो.

तर अमेरिकन कोस्ट गार्डकडे आयलंड क्लास नावाच्या ४९ पेट्रोल बोटी होत्या, १९८५ ते १९९२ या काळात लुईझियाना राज्यातल्या लॉकपोर्टला बोलिंजर यार्डात बांधलेल्या, मूळ डिझाईन ब्रिटनच्या व्हॉस्पर थॉर्निक्रॉफ्टचं. प्रत्येक बोटीला एकेका बेटाचं नाव. लांबी ११० फूट, म्हणजे साधारण साडेतेहतीस मीटर. फ्लोरिडाच्या खाली क्युबा आणि हैतीच्या बाजूला जो समुद्र आहे तिथे या बोटींचं मुख्य काम, म्हणजे ड्रग्ज घेऊन पळणाऱ्या बोटी पकडणं, फुटक्या होड्यांतून निघालेल्या माणसांना वाचवणं, मच्छीमारांच्या मदतीला जाणं. वेग पाहिजे म्हणून हल, म्हणजे बोटीचं मूळ अंग, हलका ठेवलेला आणि हलका म्हणजे पत्रा पातळ. पातळ पत्रा मजबूत नसतो असं अजिबात नाही, पण त्याच्याकडे झीज सोसायला जास्त शिल्लक नसते हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००० च्या आसपास या बोटी थकायला लागल्या होत्या, गंज अपेक्षेपेक्षा जास्त निघत होता. जून २००२ मध्ये कोस्ट गार्डने डीपवॉटर नावाचा प्रचंड मोठा कार्यक्रम एका कंपनीला दिला, इंटिग्रेटेड कोस्ट गार्ड सिस्टिम्स, म्हणजे लॉकहीड मार्टिन आणि नॉर्थ्रॉप ग्रुमन यांची भागीदारी. (तिची आद्याक्षरं आयसीजीएस अशी होतात, आपल्याकडे आयसीजीएस म्हटलं की भारतीय तटरक्षक दलाची जहाजं आठवतात, त्यांचा इथे काही संबंध नाही, वाचताना गोंधळ नको म्हणून आधीच सांगून ठेवतो.) सुरुवातीचा अंदाज १७ अब्ज डॉलरचा. जहाजं, विमानं, हेलिकॉप्टर, रडार, रेडिओ सगळं एका छत्राखाली, आणि काय बांधायचं, कसं बांधायचं याचे बरेचसे निर्णय कंपनीच घेणार. कोस्ट गार्डने फक्त सांगायचं की आम्हाला हे हे काम करता आलं पाहिजे.

या योजनेत नवीन पेट्रोल बोट २०१८ ला यायची होती. मधली पंधरा सोळा वर्षं काय करायचं? त्यावर तोडगा निघाला की आहे त्याच ११० फुटी बोटी घ्यायच्या, मागे तेरा फूट वाढवायचं आणि १२३ फुटी करायच्या. वाढवलेल्या भागात उतरता रॅम्प करायचा म्हणजे छोटी रबरी बोट थेट मागून पाण्यात सोडता येईल आणि तशीच परत चढवता येईल. वर नवीन मोठी केबिन, नवीन कॉम्प्युटर, कॅमेरे, रेडिओ.

रॅम्पची कल्पना खरंच चांगली होती. पोरं हे प्रकरण ऐकलं की लगेच म्हणतात मूर्खपणाच होता सगळा, तर तसं नाही. क्रेनने बाजूने छोटी बोट खाली सोडायची म्हणजे लाटेत ती हलवर आपटते, हुक सुटता सुटत नाही, खालच्या माणसांच्या बोटांवर आणि डोक्यावर येतं, ज्यांनी अँकरेजला लाटा असताना क्रेनने सामान उतरवलंय त्यांना हे सांगायला नको. मागून रॅम्पवरून घसरत जाणं त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. शिवाय अमेरिकन नेव्हीने स्वतःच्या सायक्लोन क्लासच्या काही बोटी १७० फुटांवरून १७९ फुटी केल्याच होत्या, तिथेही मागे रॅम्पच. म्हणजे लांब करणं हे काम अशक्य नव्हतं, हिशोब मात्र नीट मांडायला हवा होता.

आता तो हिशोब काय असतो ते सोप्या भाषेत सांगतो, कारण सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.

जहाज म्हणजे पाण्यावर ठेवलेली एक लांबलचक तुळई समजा. लाटेचा माथा बरोबर मध्ये आला की दोन्ही टोकं खाली लोंबतात, तेव्हा डेक ताणला जातो. उलट दोन लाटांच्या माथ्यांवर पुढचं मागचं टोक टेकलं आणि मध्ये खळगा आला की मधला भाग खाली बसतो, तेव्हा डेक दाबला जातो. आम्ही त्याला हॉगिंग आणि सॅगिंग म्हणतो. खवळलेल्या समुद्रात हे दर काही सेकंदांनी चालू असतं, तासन् तास. या वाकवणाऱ्या जोराला तुळई किती दाद देत नाही ते सांगणारा एक आकडा असतो, सेक्शन मॉड्युलस. घरात करून बघायचं असेल तर आठ इंच रुंद आणि एक इंच जाड फळी घ्या, दोन विटांवर आडवी टाकून वर उभे राहा, चांगली वाकेल. तीच फळी कडेवर उभी ठेवा, हलणारसुद्धा नाही. लाकूड तेच, वजन तेच, पण उभ्या फळीचा सेक्शन मॉड्युलस आडवीच्या आठपट होतो. जहाजात हे काम वरचा डेक आणि खालचा तळ मिळून करतात, मधली उंची आणि दोन्हीकडच्या पत्र्याची जाडी यावर आकडा ठरतो.

आणि वाकवणारा जोर? तो लांबीबरोबर वाढतो, आणि सरळ प्रमाणात वाढत नाही. क्लासच्या, म्हणजे जहाजांची मजबुती तपासणाऱ्या बाहेरच्या संस्थांच्या, नियमांत किमान सेक्शन मॉड्युलस ढोबळमानाने लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात मागतात. ११० चे १२३ केले म्हणजे लांबी साधारण १२ टक्क्यांनी वाढली, पण १.१२ चा वर्ग १.२५, म्हणजे मागणी पंचवीस टक्क्यांनी वाढली. मधला भाग तोच जुना, पत्रा तोच, उंची तीच. आपल्याकडे गॅरेजमध्ये टेम्पोची चासी कापून लांब करतात ना, चांगला मिस्त्री असेल तर जोडाला आतून चॅनेल टाकतोच पण मधल्या भागालाही पट्टी मारतो, कारण त्याला अनुभवाने माहीत असतं की लांब केलेली चासी जोडावर मोडत नाही, मध्ये बसते. बोटीचंही तेच.

आता दुसरी गोष्ट, पत्रा दाबला गेल्यावर काय होतं. जाड पत्रा दाब घेत राहतो, पातळ पत्रा एका हद्दीनंतर अचानक बाजूला फुगतो, आम्ही म्हणतो पोचा पडला किंवा पत्रा बकल झाला. ही हद्द जाडीच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे गंजाने पत्रा दहा टक्के पातळ झाला तर बकल न होता दाब सोसायची ताकद जवळपास एकोणीस टक्क्यांनी उतरते. एवढ्यासाठी गेजिंग. ग्राइंडरने रुपयाच्या नाण्याएवढा रंग काढायचा, खाली चकचकीत लोखंड दिसलं की जेल लावायची, प्रोब टेकवायचा, मीटरवर आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून हात स्थिर ठेवायचा आणि मग शेजारी खडूने लिहायचं, ४.६, ४.३, ३.९. असे शेकडो आकडे पत्र्यावर लिहून झाले की लांबून जहाज म्हणजे शाळेच्या फळ्यासारखं दिसतं. माझं अर्ध आयुष्य त्या आकड्यांत गेलंय आणि मला अजूनही ते काम कंटाळवाणं वाटत नाही, कारण त्यातला एक चुकीचा आकडा वर कुठपर्यंत जाऊ शकतो हे मला या प्रकरणाने शिकवलं.

बोटी लांब करायचं कामही बोलिंजर यार्डाकडेच होतं. कामाला लागण्याआधी त्या यार्डाकडून कोस्ट गार्डला सांगण्यात आलं की लांब केलेल्या बोटीचा सेक्शन मॉड्युलस ५,२३२ घन इंच असेल. हा आकडा बघितला तर बोट लागेल त्यापेक्षा बरीच जास्त मजबूत ठरत होती, काळजीचं कारणच नाही. नंतर सगळं बिघडल्यावर खरा आकडा काढला तो निघाला २,६१५. निम्म्यापेक्षाही थोडा कमीच. बारकाईने बघा, मॉड्युलस निम्मा म्हणजे त्याच लाटेत डेकवरचा ताण दुप्पट. सेफ्टी मार्जिन म्हणून जे काही कागदावर होतं ते सगळं तिथल्या तिथे संपलं.

पहिली बोट मॅटागोर्डा, मार्च २००४ ला तयार होऊन मिळाली. मुक्काम की वेस्टला, फ्लोरिडाच्या अगदी टोकाला. सप्टेंबरमध्ये इव्हान नावाचं चक्रीवादळ येत होतं म्हणून तिला बंदर सोडून खुल्या समुद्रातून दूर जावं लागलं. वादळात सापडली नव्हती हं, वादळ चुकवायला निघाली होती. त्या प्रवासात डेक आणि बाजूचा पत्रा बकल झाला, तडे गेले. बोट हातात येऊन सहा महिनेच झाले होते. त्या बोटीवरच्या पोरांचं काय झालं असेल याचा मी नेहमी विचार करतो, डेकवर चालताना पायाखाली काल सपाट असलेला पत्रा आज उंच सखल लागतोय आणि किनारा अजून लांब आहे.

मग दुरुस्ती काढली, डेकवर आणि बाजूला जादा पट्ट्या वेल्ड करायच्या. आम्ही डबलर मारतो तसलाच प्रकार. लाटांची उंची आणि वेग यावर बंधनं घातली, म्हणजे जी बोट खराब समुद्रात जाण्यासाठी वाढवली तिलाच सांगितलं की समुद्र चांगला असेल तेव्हा जा. पट्ट्या मारूनही दुसऱ्या ठिकाणी पत्रा वाकायला लागला, प्रोपेलर शाफ्टचं अलाइनमेंट बिघडायला लागलं. हे होणारच. एका जागी कडक केलं की जोर शेजारच्या नरम जागेवर जातो, आणि हल वाकतोय तर त्यात बसवलेला शाफ्ट सरळ कसा राहील.

जून २००५ मध्ये आठ बोटींवर काम थांबवलं, ४९ करायच्या होत्या. तेवढ्यात दुसरीकडूनही गोष्टी बाहेर यायला लागल्या. लॉकहीडमध्ये या प्रोजेक्टवर काम केलेला मायकल डीकोर्ट नावाचा इंजिनिअर वर्षभर वरिष्ठांना सांगत होता की कॅमेऱ्यांना काही बाजू दिसतच नाहीत, छोट्या बोटीवरचा रेडिओ पाण्यात टिकणारा नाही, केबल ठरल्याप्रमाणे नाहीत. कोणी ऐकेना म्हणून ऑगस्ट २००६ मध्ये त्याने कॅमेऱ्यासमोर बसून सगळं बोलून यूट्यूबवर टाकलं. यूट्यूब तेव्हा दीड वर्षाचंच होतं, कोणी मोठ्या कंपनीतला माणूस असं करेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २००७ च्या सुरुवातीला होमलँड सिक्युरिटी खात्याच्या महानिरीक्षकांचा रिपोर्ट आला त्यात केबलचा मुद्दा खरा निघाला, आग लागली तर कमी धूर करणाऱ्या केबल लावायच्या होत्या त्या सगळीकडे लावल्या नव्हत्या. जहाजाच्या बंद जागेत धूर म्हणजे काय हे ज्याने एकदा तरी खाली टाकीत वेल्डिंगचं काम केलंय त्याला विचारा.

३० नोव्हेंबर २००६ ला कोस्ट गार्डचे प्रमुख अॅडमिरल थॅड अॅलन यांनी आठही बोटी बंद करायचा आदेश दिला. मॅटागोर्डा, मेटोम्पकिन, पॅड्रे, अट्टू, नुनिव्हाक, व्हॅशॉन, मोन्हेगन आणि मॅनिटू. मे २००७ मध्ये त्यांनी बोटींचा स्वीकारच मागे घेतला, म्हणजे आम्ही या घेतल्याच नाहीत असं कंपनीला कळवलं आणि ९.६ कोटी डॉलर परत मागितले. आठ बोटी गेल्या म्हणजे त्यांचं काम दुसऱ्यांवर पडलं, त्यांच्या क्रूला उरलेल्या ११० फुटी बोटींवर पाळीपाळीने पाठवलं, एक क्रू उतरला की दुसरा चढतो, बोटीला विश्रांती नाही. त्याही वीस वीस वर्षांच्या जुन्या बोटी.

मग चूक नक्की कुठे झाली? बरेच लोक उत्तर देतात की यार्डाने हिशोबात चूक केली. सरकारने २०११ मध्ये बोलिंजरवर केसही केली, आरोप असा की आकडा चुकीचा आहे हे माहीत असून दिला, हिशोबाचा प्रोग्रॅम वेगवेगळी माहिती भरून एकापेक्षा जास्त वेळा चालवला होता आणि सोयीचा आकडा पुढे केला. यार्डाने आरोप मान्य केले नाहीत. खालच्या कोर्टाने केस काढून टाकली, डिसेंबर २०१४ मध्ये अपील कोर्टाने परत उभी केली आणि २०१५ च्या शेवटी ८५ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यामुळे मुद्दाम की चुकून, हे कोर्टात कधी ठरलंच नाही आणि मीही ठरवायला जाणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. आकडा चुकतो, सगळ्यांचा चुकतो, माझ्याही हातून चुकलेत. माझ्या दृष्टीने खरी चूक ही की तो आकडा दुसऱ्या कोणीच काढून बघितला नाही. नेहमीच्या पद्धतीत क्लास सोसायटीचा माणूस असतो, अमेरिकेत अमेरिकन ब्युरो ऑफ शिपिंग, आपल्याकडे पवईत मुख्यालय असलेलं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, त्याच्याकडे ड्रॉइंग जातं, तो स्वतः हिशोब मांडतो आणि नाही पटलं तर सही करत नाही. त्याचा पगार यार्डाच्या डेडलाईनवर ठरत नाही आणि म्हणूनच त्याच्या नकाराला किंमत असते. या बोटींच्या हलची अशी बाहेरून तपासणी करून घेतलीच नाही, कंपनीचं काम बरोबर आहे हे कंपनीनेच सांगायचं अशी सोय होती. त्यात कोस्ट गार्डने स्वतःचे इंजिनिअरही या सगळ्यातून बाजूला ठेवले होते. वाईट वाटतं ते याचं की इशारा मिळाला होता. नेव्हीच्या कार्डरॉक नावाच्या जहाज संशोधन केंद्राच्या छोट्या बोटींच्या विभागातल्या इंजिनिअर लोकांनी, ज्यांना सायक्लोन क्लास लांब करतानाचा अनुभव होता, त्यांनी काम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं की हलच्या मजबुतीची नीट तपासणी करा. हे एप्रिल २००७ मध्ये अमेरिकन संसदेच्या सुनावणीत बाहेर आलं. म्हणजे माहीत असलेली माणसं होती, त्यांनी सांगितलंही होतं, पण त्यांना थांबा म्हणायचा अधिकार नव्हता.

आणि याची खूण पुढच्या बोटीत सापडते. एप्रिल २००७ मध्ये अॅलन यांनी जाहीर केलं की डीपवॉटरची सूत्रं कोस्ट गार्ड स्वतःच्या हातात घेणार. २०१८ ची वाट न बघता नवीन पेट्रोल बोट आधी काढायची आणि त्यासाठी अट घातली की डिझाईन कुठेतरी आधीच पाण्यात चालत असलेल्या बोटीवर आधारलेलं पाहिजे, कागदावरचं नको. त्यातून निवडलं गेलं डच कंपनी डॅमेनचं स्टॅन पेट्रोल ४७०८, दक्षिण आफ्रिकेत लिलियन न्गोयी क्लास म्हणून ज्या बोटी समुद्राचं प्रदूषण आणि मासेमारी यावर लक्ष ठेवायला फिरत होत्या तेच. क्लासचा सर्व्हे अमेरिकन ब्युरोचा. आणि सप्टेंबर २००८ मध्ये कंत्राट कोणाला मिळालं, तर बोलिंजरलाच, पहिल्या बोटीचे ८.८ कोटी डॉलर.

इथे पोरं थांबवतात, सर त्यांनाच परत? हो, त्यांनाच. आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण यार्ड तेच, लॉकपोर्टचे वेल्डर तेच, खाडीच्या काठावरचं लोखंड तेच, बदललं काय तर डिझाईन सिद्ध झालेलं होतं आणि डोक्यावर बाहेरचा सर्व्हेयर होता. १५४ फूट लांब, स्टीलचा हल, वर अॅल्युमिनियमची केबिन, प्रत्येकी ५,८०० हॉर्सपॉवरची दोन एमटीयू इंजिनं, वेग २८ नॉटच्या वर. आणि मागे काय, तर रॅम्प. तोच रॅम्प ज्याच्यापायी आठ बोटी गेल्या, इथे तो पहिल्यापासून हलचा भाग म्हणून आखलेला, नंतर शिवलेला नाही. पुढे पन्नासच्या वर बोटी बांधून झाल्या त्या क्लासच्या.

पहिल्या बोटीला नाव दिलं बर्नार्ड सी. वेबर, १४ एप्रिल २०१२ ला मायामीत ती सेवेत आली. वेबर हा कोस्ट गार्डचा साधा बोट चालवणारा शिपाई माणूस. १८ फेब्रुवारी १९५२ ला केप कॉडजवळ हिवाळी वादळात पेंडलटन नावाचा तेलाचा टँकर मध्येच मोडून दोन तुकडे झाला, त्याच्या मागच्या तुकड्यावर माणसं अडकली होती. वेबर तिघांना घेऊन ३६ फुटी लाकडी लाईफबोटीतून निघाला, वाळूच्या दांड्यावरच्या लाटेत त्याची समोरची काच फुटली, होकायंत्र वाहून गेलं, तरी तो त्या तुकड्यापर्यंत पोचला आणि दोरीच्या शिडीवरून एकेक करत ३२ माणसं त्याने त्या एवढ्याशा बोटीत उतरवून घेतली. मध्येच मोडलेल्या जहाजाजवळ गेलेला माणूस. मॅटागोर्डा आणि तिच्या सात बहिणी तोवर बाल्टिमोरजवळ कर्टिस बे इथल्या कोस्ट गार्ड यार्डात बांधून पडलेल्या होत्या.